माती धरते, आणि घेऊनही जाते

(वर्धा इथे तरुण मित्रांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. मातीवर बोलायला मला बोलावलंय हे ऐकून अम्मी हसली. म्हणाली, "तूने वावर में कितने दिन काम किया रे?" फार नाही, हे मान्य. पण मातीबद्दल मला जे कळलं त्याची सुरुवात पुस्तकात झाली नाही, हिंगणघाट तालुक्यातल्या माझ्या मामूंच्या गोडाऊनमागे झाली. म्हणून आधी तेच सांगतो.

मामूंचा धंदा भंगाराचा. गोडाऊन, त्याच्या मागे मोकळं अंगण, अंगणाला लागून त्यांचंच तीन एकर वावर आणि वावराच्या खालच्या धुऱ्याला नाला. सुट्टीत मी तिथेच असायचो. जुन्या बॅटऱ्या यायच्या, ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या. आम्ही पोरं त्या उलट्या करून ॲसिड मातीवर ओतायचो, मग मोठी माणसं कुऱ्हाडीने डबा फोडून आतल्या प्लेटा काढायची. बॅटरीच्या वजनातलं निम्म्याहून जास्त शिसंच असतं, आणि पैसा त्याचाच. ॲसिड पडलं की माती चुरचुरायची, फेस यायचा. आम्हाला त्याची मजा वाटायची. वाटायचं, माती ॲसिड पिऊन टाकते.

माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी मामूंनी भरली. त्याच अंगणातून. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या दारात नेऊन ठेवायची सोय मला नाही.

आता या दोन बाटल्या बघा. दोन्हीत एकाच वावराची एक-एक मूठ माती आहे. काल संध्याकाळी पाणी घालून हलवल्या आणि ठेवून दिल्या. ही पहिली, हिच्यात मामूंच्या विहिरीचं पाणी आहे. विहिरीचं पाणी जड, क्षारांचं. हिचं पाणी बऱ्यापैकी निवळलंय. ही दुसरी, हिच्यात आरओचं पाणी. ही अजून चहासारखी दिसते. रात्रभर कुणी हात लावलेला नाही.

हा फरक का पडला ते कळलं तर बाकीचं सगळं कळतं.

आपली काळी माती बेसॉल्ट दगडापासून झालेली. तिच्यातला चिकणमातीचा भाग खूप, पुष्कळ ठिकाणी निम्म्याच्या आसपास. चिकणमातीचा कण म्हणजे दोन मायक्रॉनपेक्षा लहान. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन. आकार चेंडूसारखा नाही, पापुद्र्यासारखा, पत्त्यांच्या कॅटसारखे पापुद्रे एकावर एक. काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाचं जे खनिज आहे, त्याच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या पापुद्र्यांच्या बाजू उलगडून अंथरल्या तर साधारण सातशे चौरस मीटर जागा भरते. कबड्डीची पाच मैदानं, चिमूटभर मातीत.

आणि या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. म्हणून धनभार असलेलं जे काही पाण्यात असेल ते त्यांना चिकटतं: कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम. पऱ्हाटीच्या मुळांना हेच हवं असतं. आपली माती कसदार म्हणतात ती यासाठी. ती पकडून ठेवते, पहिल्या पावसात सगळं धुऊन जाऊ देत नाही.

पण शिशालाही धनभारच असतो. कॅडमियमला असतो, निकेलला असतो. माती त्यांना विचारत नाही तुम्ही कोण. ज्या हाताने ती पोटॅश धरते त्याच हाताने शिसंही धरते, आणि खरं तर शिसं जास्त घट्ट धरते. त्यात आपल्या मातीत चुनखडी असते, सामू आठच्या आसपास. ॲसिड ओतल्यावर जो फेस यायचा तो या चुनखडीचा. ॲसिड तिथेच मरायचं आणि त्यातलं शिसं मातीला चिकटून बसायचं.

बरेच जण इथे थांबतात. म्हणतात, मग चांगलंच झालं, काळ्या मातीने विष बांधून टाकलं. मामूंचंही हेच म्हणणं होतं, त्यांच्या भाषेत. शास्त्रज्ञही बराच काळ असाच हिशेब मांडायचे. धातू पाण्यात विरघळला तर तो वाहतो, मातीला चिकटला तर जागेवर राहतो, आणि या दोनच कप्प्यांत सगळं बसवायचं.

या हिशेबाला मोठा धक्का बसला तो अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात. तिथे जमिनीखाली अणुस्फोटांच्या चाचण्या झाल्या होत्या. प्लुटोनियम दगडाला घट्ट चिकटतं, ते हलणार नाही असं धरून चालले होते. १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात शोधनिबंध आला की १९६८ च्या एका स्फोटातलं प्लुटोनियम भूजलात १.३ किलोमीटर अंतरावर सापडलं आहे. ते विरघळलेलं नव्हतं. अतिसूक्ष्म खनिज कणांना चिकटलेलं होतं, आणि कणच पाण्याबरोबर गेले होते. प्रवासी जागेवरून उठला नाही, बसच निघून गेली.

या कणांना कलिल कण म्हणतात, कोलॉइड. एक मायक्रॉनच्या खालचे. मी इंजिनिअर, म्हणून हिशेब करून बघितला. बारीक रेतीचा कण, एक दशांश मिलिमीटरचा, पेलाभर पाण्यात दहा-पंधरा सेकंदांत तळाला जातो. एक मायक्रॉनचा मातीचा कण अगदी स्थिर पाण्यात दिवसाला सात-आठ सेंटिमीटर खाली येतो. त्याच्याही दहावा भाग असलेला कण दिवसभरात एक मिलिमीटरही उतरत नाही. आणि नाल्याचं पाणी स्थिर कुठे असतं? वणेत पडलेला असा कण वर्धा नदीत जातो, पुढे प्राणहिता, गोदावरी. त्याला थांबायचं कारणच नसतं.

कारण एकाच गोष्टीने मिळतं, कण एकमेकांना चिकटून मोठे झाले तर. सगळ्यांवर ऋणभार असल्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. मध्ये कॅल्शियमसारखं काही आलं की ढकलणं कमी होतं, गोळे बनतात, बसतात. म्हणून विहिरीच्या पाण्याची बाटली निवळली. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या, तेही हेच. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून कण सुटे राहिले. आता सांगा, शेतात पडणारं कोणतं पाणी आरओसारखं असतं?

पावसाचं.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस आठवा. एप्रिल-मेमध्ये वावराला भेगा पडलेल्या, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. जमीन वखरलेली, वर हिरवं काडीही नाही. त्यावर क्षार नसलेलं पाणी जोरात आदळतं, ढेकळं फुटतात, कण सुटे होतात. काही पाणी नाल्याकडे धावतं. काही सरळ भेगांत शिरतं आणि वरच्या थरातला गाळ घेऊन दोन-तीन फूट खाली जातं. मातीतून झिरपत, गाळून घेत जायला त्याला वेळच मिळत नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. पश्चिमेला अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर मातीत सोडियम जास्त, तिथे कण आणखी सहज सुटतात.

आता मामूंच्या वावरात काय सापडलं ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मी तीन ठिकाणची माती घेऊन एका खाजगी प्रयोगशाळेत दिली: अंगणाच्या कडेची, वावराच्या मधली, आणि खालच्या कोपऱ्यातली, जिथे पावसाळ्यात पाणी साचतं. आकडे इथे सांगत नाही. तीन पुड्यांवरून कुणी निष्कर्ष काढू नये आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नये. पण क्रम सांगतो, कारण मी तो चुकीचा ओळखला होता. मला वाटलं होतं अंगणाजवळ जास्त, मध्ये कमी, कोपऱ्यात सगळ्यात कमी. अंगणाजवळ जास्त होतंच. पण कोपऱ्यातल्या मातीत मधल्यापेक्षा स्पष्ट जास्त शिसं निघालं. तो कोपरा अंगणापासून सगळ्यात लांब. बारीक कण मधे टिकलेच नव्हते, पाणी थांबलं तिथे बसले होते. आणि मामींची पालक-मेथी-कोथिंबीर त्याच कोपऱ्यात, कारण ओल तिथेच टिकते.

शिशाबद्दल एक बरी गोष्ट आहे. आपल्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते मुळांतून झाडात फारसं चढत नाही. कापूस-तुरीसाठी घाबरायचं कारण कमी. पालेभाजीला ते बाहेरून लागतं, पानाला चिकटलेल्या मातीच्या रूपात. म्हणून धुणं ही साधी गोष्ट इथे खरंच उपयोगाची आहे. दोन-तीन पाण्यांतून, नुसतं झटकून नाही. कॅडमियमचं वेगळं आहे, ते झाडात जास्त सहज चढतं. आणि कॅडमियम फक्त कारखान्यातून येतं असं नाही. रॉक फॉस्फेटमध्ये ते नैसर्गिकच असतं, त्यापासून बनलेल्या खतात उतरतं. युरोपीय संघाने २०२२ पासून फॉस्फेट खतांसाठी मर्यादा लागू केली, स्फुरदाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम.

कॅडमियम वाहून शेतात बसलं की काय होतं ते जपानच्या तोयामा भागाने पाहिलं. डोंगरात कामिओका खाण, खाली जिंझू नदी, नदीच्या पाण्यावर भातशेती. खाणीचा गाळ पाण्याबरोबर वर्षानुवर्षं शेतात येत राहिला, भातात उतरला. हाडं इतकी ठिसूळ व्हायची की बायका नुसत्या दुखण्याने ओरडायच्या. त्या आजाराचं नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. शेतांची माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये संपलं. तेहतीस वर्षं, आणि ते जपान.

आपल्याकडे असं काही झालंय असं मी म्हणत नाही. वर्धा जिल्ह्यातलं वावर विषारी झालं अशी बातमी घेऊन मी आलेलो नाही. माझी तक्रार अशी आहे की झालं तरी कळायची सोय आपण केलेली नाही.

तुमच्यापैकी शेतकरी घरातले किती? तुमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका असेल. २०१५ पासून देशभर ही योजना आहे आणि चांगली आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही. कॅडमियम नाही, अर्सेनिक नाही, क्रोमियम नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलमध्ये तो कॉलमच नाही. तुम्ही कितीही क्वेरी चालवा, उत्तर रिकामं येणार, आणि रिकामं उत्तर बघून साहेब म्हणणार, काही प्रॉब्लेम नाही. गंमत म्हणजे शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खताला हा कॉलम आहे. खत नियंत्रण आदेशात त्याला किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जे खत मातीत जाणार ते तपासायचं, माती मात्र नाही.

पाण्याच्या तपासणीतही एक खाच आहे. 'विरघळलेले धातू' मोजताना पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. गाळणीच्या वर जे राहिलं ते कण, खाली गेलं ते विरघळलेलं, अशी वहिवाट. मग ०.२ मायक्रॉनचा मातीचा कण शिसं घेऊन गाळणीखाली गेला तर तो विरघळलेल्यात मोजला जातो. आणि मोठे कण वर अडकले, तर त्यांच्यावरचं शिसं या आकड्यात येतच नाही. म्हणून पाण्याचा रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, पाणी गाळून तपासलं की न गाळता.

आणखी एका ठिकाणी लक्ष हवं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ पासून आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा. तलावही खोल होतो, शेतही सुधारतं. मी योजनेच्या बाजूचा आहे. पण गाळ म्हणजे नेमकं काय, हे आत्तापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. तलावाच्या वरच्या अंगाला ज्या ज्या जमिनी आहेत, त्यांच्यावरचे बारीक कण. वर नुसती शेतं आणि जंगल असेल तर सोनं आहे. वर गोडाऊन, कारखाना, कचरा डेपो किंवा राखेचा ढीग असेल तर ट्रॅक्टर भरायच्या आधी एक पुडी तपासायला हवी. राखेचं म्हणाल तर जुलै २०२२ मध्ये शेजारी नागपूर जिल्ह्यात कोराडीच्या वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतांत आणि नदीत शिरलं. राखेचे कणही बारीकच.

आता आपल्या घरातलं.

विदर्भातल्या गावागावांत भंगाराच्या धंद्यात आपली माणसं किती आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. या धंद्याला कुणी हलका म्हटलं तर मला राग येतो. एवढी मोठी पुनर्वापराची साखळी कुणाच्या अनुदानाशिवाय चालते, ती आपल्या वडिलांच्या आणि चाचांच्या हातगाड्यांवर चालते. पण बॅटरी फोडणं वेगळं. २००१ पासून नियम आहे की जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी. २०२२ मध्ये नवे, आणखी सविस्तर नियम आले. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा अहवाल आला. जगातल्या दर तीन मुलांत एकाच्या रक्तात शिसं डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असावं, असा त्यांचा अंदाज. कारणांत त्यांनी अशाच उघड्यावरच्या बॅटरी-फोडीवर बोट ठेवलं. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात चार-पाच पट शोषलं जातं आणि मेंदूवर परिणाम करतं. मग वर्गात मास्तर म्हणतो, पोरगं मठ्ठ आहे. मोहल्ल्यातल्या पोरांना हे ऐकवणारे कमी नाहीत, त्यात आपण स्वतः भर का घालायची?

आणि हे शिसं नाल्यानेच जातं असं नाही. कपड्यांवर, चपलेवर, दाढीवर बसून घरी येतं. तेही बारीक कणच.

मी रिपोर्ट घेऊन मामूंकडे गेलो तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "पानी तो साफ जाता है बेटा, मैं रोज देखता हूँ." मग थोड्या वेळाने, "तेरी फीस भी इसी में से गई ना?" मी काय बोलणार. हो म्हटलं.

त्यानंतर तीन-चार महिने बोलणं कमीच होतं. पण त्यांनी फोडणं बंद केलं. बॅटरी आता अख्खी विकतात. किलोमागे पैसे कमी मिळतात, आणि दोन पोरं जी हे काम करायची त्यातल्या एकाला दुसरीकडे जावं लागलं. हा तोटा खरा आहे. मी इथे माइकसमोर उभा राहून तो लहान करून सांगणार नाही. अंगणावर सिमेंटचा कोबा आणि पत्रा टाकलाय, म्हणजे पावसाचं पाणी त्या मातीवर पडत नाही. माती खरवडून काढायचा विचार होता, पण काढून टाकायची कुठे? नाल्याकाठी टाकली तर सगळं मुसळ केरात. म्हणून सध्या झाकून ठेवलीय. वावराच्या खालच्या धुऱ्यावर दाट गवत वाढू दिलंय, आधी ते दरवर्षी काढायचे. गवताने पाणी मंदावतं, मोठे कण आणि गोळे अडतात. अगदी बारीक कण गवतही अडवत नाही, हे मामूंना सांगितलंय. पालेभाजी कोपऱ्यातून हलवून विहिरीजवळ आणलीय. कोपऱ्यात आता पऱ्हाटी.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं अंगण आहे त्यांना मी भाषण देणार नाही. फक्त नमुना कसा घ्यायचा ते सांगतो, कारण तिथेच चूक होते. सगळे जण उगमाजवळची माती उचलतात. ती घ्याच, पण पाणी जिथे थांबतं तिथलीही घ्या: नाल्याच्या वळणावरचा गाळ, शेततळ्याचा तळ, वावराचा सखल कोपरा. वरची दोन-तीन बोटं माती, एका ठिकाणची चार-पाच टिचक्यांतून, एकत्र करून. लोखंडी गंजकं फावडं नको, प्लास्टिकचा चमचा चालेल. एक नमुना मुद्दाम लांबचा घ्या, जिथे काहीच झालेलं नाही असा, नाहीतर आकडा जास्त की कमी ते ठरवणार कशावरून? प्रयोगशाळेत स्पष्ट लिहून द्या: एकूण शिसं आणि एकूण कॅडमियम. नुसतं 'माती परीक्षण' लिहिलंत तर तेच बारा कॉलम परत येतील.

पावसाआधी करायला हवं. मृग लागला की माती जागेवर राहत नाही. मी मेच्या शेवटच्या दोन रविवारी हिंगणघाटला आहे. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव लिहा, पिशव्या मी आणतो.